एका डब्यात चार सर्व्हर: कोकणातल्या छोट्या धंद्यासाठी व्हर्च्युअलायझेशन कसं निवडायचं

मालवणकडच्या एका रिसॉर्टवाल्या काकांना मी पहिल्यांदा हे समजावून सांगत होतो, तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "एका मशिनीत चार मशिनी? ही काय भुताटकी रे मेल्या?"

भुताटकी नाहीये. एकच जांभ्याचं घर आहे, त्यात चार बिऱ्हाडं राहतात, प्रत्येकाची चूल वेगळी, पण छप्पर आणि विहीर एकच. घर म्हणजे तुमचा सर्व्हर, बिऱ्हाडं म्हणजे व्हर्च्युअल मशीन (थोडक्यात व्हीएम), आणि कुणाला किती खोल्या, किती पाणी हे ठरवणारा घरमालक म्हणजे हायपरव्हायझर. एका बिऱ्हाडात भांडण झालं, म्हणजे एक विंडोज हँग झालं, तरी बाकीचे तिघे जेवत बसतात. पण छप्पर उडालं तर चौघेही उघड्यावर, आणि कोकणात छप्पर उडतं हो, म्हणूनच हे एवढं लिहितोय.

मी चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत छोट्या धंद्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. काजूवाले, आंबा कॅनिंगवाले, दोन-तीन दवाखाने, रिसॉर्ट, एक बर्फाचा कारखाना. सगळे एकच विचारतात, प्रॉक्समॉक्स घेऊ की हायपर-व्ही घेऊ, म्हणजे या दोनांतला कुठला हायपरव्हायझर. माझ्या मते हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की भर जुलैत हे मशीन मेलं, घाट बंद आहे, मी कणकवलीत अडकलोय, तर तुमच्याकडे ते कोण उभं करणार आणि कशावर. याचं उत्तर मिळालं की हायपरव्हायझर आपोआप ठरतो.

आधी हे बघा, गरज आहे का

तीन माणसं टॅली वापरतात, एक प्रिंटर, बाकी सगळं मोबाईलवर, असं असेल तर व्हर्च्युअलायझेशनच्या भानगडीत पडू नका. एक बरा डेस्कटॉप, चांगला यूपीएस आणि रोजचा बॅकअप एवढंच करा आणि उरलेल्या पैशात ऑफिसची वायरिंग नवी करा. गरज कधी पडते, तर कोपऱ्यात तीन-चार जुनी सीपीयू सतत चालू आहेत, एकावर टॅली, एकावर बिलिंगचा डेटाबेस, एकावर हजेरीचं सॉफ्टवेअर जे फक्त जुन्या विंडोजवरच चालतं, आणि यातलं कुठलंही बंद पडलं की पॅकिंगचं काम थांबतं, तेव्हा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तसंही बऱ्याच जणांना मशीन बदलावी लागतायत, मग चार वेगवेगळी घेण्यापेक्षा एक नीट घेणं परवडतं.

पायरी १: वही घ्या आणि लिहून काढा

कॉम्प्युटरवर नको, कागदावरच. प्रत्येक मशीनसमोर काय चालतं, किती जण वापरतात, कुठलं विंडोज आहे, डिस्क किती भरलीय, आणि गर्दीच्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती दिसते. गर्दीच्या वेळी हे महत्त्वाचं. कॅनिंगवाल्याकडे ऑगस्टमध्ये जाऊन मोजमाप केलंत तर ते मोजमाप खोटं, तिथे एप्रिल-मे मध्येच बघायला हवं. मागे यूएसबीला काही डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लायसनची चावी, लावलंय का तेही बघा, कारण हायपर-व्हीत व्हीएमला असं डोंगल थेट देता येत नाही, त्यासाठी नेटवर्कवरून यूएसबी देणारं वेगळं उपकरण घ्यावं लागतं. प्रॉक्समॉक्समध्ये तो पोर्ट सरळ एका व्हीएमच्या नावावर करता येतो. एवढ्या एका डोंगलपायी मी एका ठिकाणी ठरलेला निर्णय फिरवलाय.

मग मालकाला दोन गोष्टी विचारा आणि उत्तर त्याच वहीत त्याच्यासमोर लिहा. हे बंद पडलं तर किती वेळ चालेल? आणि किती तासांचं काम परत टाईप करायला लागलं तर चालेल? सगळे आधी "अजिबात नाही" म्हणतात, मग खर्च सांगितला की "तसं अर्धा दिवस चालेल" वर येतात. मिळालेली उत्तरं मशीनगणिक वेगळी असतात. बिलिंग दोन तास, टॅली एक दिवस, हजेरी तीन दिवस, अशी. पुढचा सगळा खर्च या आकड्यांवर ठरतो.

सीसीटीव्ही यात घुसवू नका. तो चोवीस तास डिस्कवर लिहीत बसतो आणि बाकीच्यांचा जीव काढतो. त्याचा एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, वेगळाच राहू द्या.

पायरी २: जागा आणि लाईट

बाहेरच्या गाईडमध्ये हा भाग दोन ओळींत उरकतात. आपल्याकडे अर्धी लढाई इथेच आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं गेलं. माझ्या एका गिऱ्हाईकाचा सर्व्हर टेबलाखाली होता, बॅकअपची डिस्क टेबलाच्या खणात. दोन्ही एकाच चिखलात सापडले. तेव्हापासून माझा नियम असा की सर्व्हर वरच्या मजल्यावर किंवा निदान भिंतीवरच्या रॅकमध्ये, छातीच्या वर, आणि बॅकअप दुसऱ्या इमारतीत. मात्र अगदी माळ्यावर कौलाखाली पण नको, तिथे मे महिन्यात भट्टी असते आणि शाकारणी नीट झाली नसेल तर पावसात डोक्यावर अभिषेक.

खारी हवा ही दुसरी गोष्ट. समुद्रापासून एक-दोन किलोमीटरच्या आत असाल तर पोर्टवर, स्क्रूवर, रॅमच्या पट्टीवर हिरवट-पांढरा थर येतो. खिडकी उघडी ठेवून पंख्यावर सर्व्हर चालवायची सवय तिथे महागात पडते. बंद खोली आणि छोटा एसी बरा. पण एसी संध्याकाळी बंद करून दमट खोलीत गार मशीन बंद पडू दिलंत तर त्यावर दव धरतं, त्यापेक्षा मशीन चालूच ठेवा, ते स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. आणि मागच्या जाळीतून पाल आत जाते, खरंच जाते, एका पॉवर सप्लायमध्ये मला भाजलेली पाल सापडलीय. बारीक जाळी लावा आणि दर दोन महिन्यांनी साफ करा.

आता लाईट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत बरेच दिवस लाईट नव्हती. एवढ्यासाठी कुठलाच यूपीएस पुरणार नाही, आणि यूपीएसचं ते कामही नाही. त्याचं काम इतकंच की मशीनला नीट झोपायला वेळ देणं. ऑनलाईन प्रकारचा, म्हणजे सतत बॅटरीच्या वाटेने स्थिर वीज देणारा, घ्या, कारण जनरेटरवर गेल्यावर व्होल्टेज नाचतं. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा, हे निम्म्या ठिकाणी केलेलंच नसतं, केबल खोक्यात तशीच पडलेली असते. मग नट नावाचं फुकट सॉफ्टवेअर यूपीएसशी बोलतं आणि बॅटरी निम्म्यावर आली की आधी व्हीएम आणि मग सर्व्हर बंद करतं. निम्म्यावरच करा, दहा टक्क्यांची वाट बघू नका, कारण नेमकं त्याच वेळी विंडोजला अपडेट लावायचं असतं आणि ते दहा मिनिटं गोल फिरवत बसतं.

लाईट परत आल्यावर मशीनने लगेच उठायचं का, हे बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, ठरवता येतं. आपल्याकडे लाईट येते, जाते, परत येते, परत जाते, तेवढ्यात मशीन चारदा अर्धवट उठून पडलं तर डेटाबेस बिघडू शकतो. म्हणून तिथे उशीर लावायची सोय असेल तर लावा, नसेल तर आपोआप उठणं बंदच ठेवा, कुणीतरी दहा मिनिटं थांबून बटण दाबेल. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. जांभ्याच्या कातळावर चांगलं अर्थिंग मिळणं कठीण असतं, आणि मे अखेरीच्या वळवात वीज कडाडली की इंटरनेटच्या तांब्याच्या वायरीतून झटका येतो. फायबर असेल तर ती वाट बंद होते.

पायरी ३: मशीन किती मोठं

दहा-बारा माणसांच्या ऑफिसचा हिशोब करून दाखवतो. एक विंडोज सर्व्हर, त्यावर टॅली आणि सहा जण रिमोटने बसतात, त्याला १६ जीबी. बिलिंगचा डेटाबेस वेगळ्या व्हीएममध्ये, ८ जीबी. एक छोटं लिनक्स, हजेरी आणि किरकोळ कामाला, २ जीबी. घरमालकाला स्वतःला ४ जीबी आणि डिस्कच्या कॅशेला (सारखं लागणारं रॅममध्ये धरून ठेवायला) ६. झाले ३६. म्हणजे ६४ जीबी घ्या, कारण रॅम ही एकच गोष्ट आहे जी उसनी देता येत नाही, सगळ्यांनी एकदम मागितली की सगळं रांगायला लागतं. सीपीयूचं तसं नाही. वरच्या तीन व्हीएमना मिळून दहा कोअर दिले आणि खाली सहाच असले तरी चालतं, सगळे एकाच क्षणी थोडेच धावतात. रॅम ईसीसी प्रकारची, आपल्या चुका आपणच सुधारणारी घ्या, म्हणजे सर्व्हरच घ्यावा लागेल, साध्या डेस्कटॉपात ती बहुधा चालत नाही.

टॉवर घ्या, रॅकवाला नको. मुंबईतल्या ऑफिसांतून निघालेले दोन प्रोसेसरचे जुने रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतात आणि बघून मोह होतो, पण एक तर ते विमानासारखे ओरडतात आणि दुसरं म्हणजे विजेचं बिल. नुसता बसलेला टॉवर साधारण ६० वॅट खात असेल तर महिन्याला ४३ युनिट होतात, आणि तो जुना हत्ती २०० वॅट खात असेल तर १४४. दर महिन्याला शंभर युनिटचा फरक, वरून एसीचा भार वेगळा.

पायरी ४: घरमालक कोण

व्हीएमवेअरपासून सुरू करतो कारण जुन्या लोकांच्या तोंडात तेच नाव असतं. माल उत्तम, यात वाद नाही. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने कंपनी विकत घेतली, डिसेंबरपासून कायमचं लायसन विकणं थांबवलं, आता वर्षाचं भाडं, आणि तेही प्रत्येक सीपीयूमागे किमान १६ कोअर धरून, तुमच्याकडे सहा असले तरी. ईएसएक्सआय या त्यांच्या हायपरव्हायझरचं फुकट रूप २०२४ मध्ये बंद केलं, एप्रिल २०२५ मध्ये परत आणलं, पण त्या फुकट आवृत्तीत बॅकअप सॉफ्टवेअरला लागणारी दारं बंद असतात. नव्याने सुरू करत असाल तर या वाटेला जाऊ नका. आधीपासून ७ व्या आवृत्तीवर असाल तर तिचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा हलायची तयारी करा.

हायपर-व्ही हा विंडोज सर्व्हरच्या पोटातच येतो. तुम्हाला विंडोज सर्व्हरचं लायसन तसंही घ्यायचंच असेल, डोंगल नसेल, आणि तुमच्या गावातल्या कॉम्प्युटरवाल्या पोराला विंडोज येतं पण लिनक्सची काळी स्क्रीन बघून घाम फुटतो, तर हेच घ्या, लाजायचं कारण नाही. दुरुस्त करणारा माणूस हाताशी असणं हे शंभर फीचरांपेक्षा मोठं आहे. फक्त एक, खालच्या मुख्य विंडोजवर टॅली, अँटिव्हायरसचा सर्व्हर, फोटोंचं फोल्डर असलं काही टाकू नका, ते फक्त व्हीएम सांभाळायला ठेवा, लायसनच्या नियमाप्रमाणेही तसंच आहे. हायपर-व्ही सर्व्हर २०१९ नावाची फुकट वेगळी आवृत्ती होती, ती शेवटची, नव्या आवृत्त्या निघालेल्या नाहीत, त्यामुळे तिच्यावर नवीन घर बांधू नका.

प्रॉक्समॉक्स. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या कंपनीचं, २००८ पासून चालू असलेलं, डेबियन लिनक्सवर बसलेलं, आत केव्हीएम, म्हणजे व्हीएम चालवणारं इंजिन, जे २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. पूर्ण फुकट वापरता येतं, एकही फीचर कुलपात नाही. पैसे भरलेत, प्रत्येक सॉकेटमागे (म्हणजे सीपीयूमागे) वर्षाला, तर जास्त तपासलेले अपडेट आणि वरच्या पायऱ्यांत सपोर्ट. न भरलेत तर लॉगिन करताना एक खिडकी आठवण करून देते, ती बंद करायची आणि पुढे जायचं. सगळं ब्राउझरमधून चालतं. मी गेली काही वर्षं बहुतेक ठिकाणी हेच लावतोय, आणि कारण फुकट हे नाही, कारण डिस्क आणि बॅकअप, जे पुढे येतंय.

एक्ससीपी-एनजी पण आहे, झेनसर्व्हरमधून २०१८ मध्ये फुटून निघालेलं, फ्रान्सचं. चांगलं आहे म्हणतात, मी एकदाच लावलंय, आणि आपल्या पट्ट्यात ते येणारा दुसरा माणूस मला माहीत नाही, त्यामुळे सुचवत नाही.

दोन-तीन सर्व्हरचा क्लस्टर, एक पडला की दुसऱ्यावर आपोआप चालू, असं कुणी विकायला आलं तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. त्याला मतदानासाठी तिसरा साक्षीदार लागतो, नेटवर्क दुप्पट लागतं, आणि बिघडला तर एका सर्व्हरपेक्षा तिप्पट गोंधळ घालतो. दुसरा सर्व्हर परवडत असेल तर तो नुसता शेजारी ठेवा, दर पंधरा मिनिटांनी डेटाची नक्कल तिकडे जाऊ दे, आणि पहिला मेला तर हाताने चालू करा. पंधरा मिनिटांचं काम परत टाईप करायचं, बस.

पायरी ५: विंडोजचं लायसन, कारण इथेच लोक फसतात

हायपरव्हायझर फुकट म्हणून आतलं विंडोज फुकट होत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड किमान १६ कोअरचं घ्यावं लागतं आणि त्यात त्या मशीनवर दोन विंडोज व्हीएम चालवता येतात, हायपर-व्हीवर असो की प्रॉक्समॉक्सवर. तिसरं हवं असेल तर परत एक पूर्ण लायसन, त्यात पुन्हा दोन मिळतात. लिनक्सची व्हीएम यात मोजत नाहीत, म्हणून जे लिनक्सवर चालतं ते तिकडे ढकला. वर प्रत्येक माणसामागे कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचा परवाना, आणि रिमोट डेस्कटॉपने बसणार असतील तर त्याचं वेगळं आरडीएस कॅल. २५ माणसांपर्यंत असाल आणि एकच विंडोज पुरत असेल तर इसेन्शियल्स आवृत्तीची चौकशी करा, त्यात कॅल लागत नाही.

आणि हो, साध्या विंडोजवर फाईल बदलून एकाच वेळी पाच जणांना रिमोटने बसवायचा जुगाड सगळीकडे चालतो, मला माहितीय, मीही एकेकाळी केलाय. लायसनचा भंग तर आहेच, पण त्याहून व्यवहाराची गोष्ट म्हणजे प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर तो मोडतो, आणि मोडतो तो बरोबर जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला.

डेटाबेसचं एक बघा. फुकटचं एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस, २०२२ पर्यंतचं, एका डेटाबेसला १० जीबीच्या पुढे जाऊ देत नाही. आत्ता किती भरलाय ते वहीत लिहा.

पायरी ६: डिस्क

दोन एसएसडी, एकमेकींचा आरसा, म्हणजे एकीवर लिहिलेलं सगळं दुसरीवर पण. एक मेली तरी धंदा चालू. डिस्क सर्व्हरच्या दर्जाच्या घ्या, ज्यांत लाईट गेली तरी हातातलं लिहून पूर्ण करायची सोय असते. डेस्कटॉपची स्वस्त एसएसडी डेटाबेसच्या लिखाणाला कासव होते आणि लवकर झिजते. दोन्ही एकाच बॅचच्या नसल्या तर उत्तम, एका दिवशी जन्मलेल्या एका आठवड्यात मरू शकतात.

आता हा आरसा कोण सांभाळणार, रेड कार्ड नावाचं वेगळं कार्ड की झेडएफएस. माझा अनुभव ऐका. एकाकडे चांगल्या कंपनीचा सर्व्हर, चांगलं रेड कार्ड, जुलैत ते कार्डच गेलं. डिस्क ठणठणीत, डेटा जागेवर, पण तसलंच कार्ड असल्याशिवाय वाचता येईना. घाटात दरड, कुरियर अडकलं, कार्ड सहाव्या दिवशी हातात पडलं. झेडएफएस हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये करतं. मशीन मेलं तर डिस्क काढायची, बाजारात मिळेल त्या डेस्कटॉपला लावायची, त्यावर प्रॉक्समॉक्स टाकायचं आणि तो साठा परत जोडून घ्यायचा. अर्ध्या दिवसात बिलं छापायला लागतात, सावकाश का होईना. रत्नागिरीत, कुडाळात, कुठेही दुसरा डेस्कटॉप मिळतो, रेड कार्ड मिळत नाही. प्रॉक्समॉक्स निवडायचं माझं निम्मं कारण हे.

मात्र झेडएफएस रेड कार्डाच्या वर बसवू नका, डिस्क त्याला थेट दिसल्या पाहिजेत. त्याची रॅममधली कॅशे किती वाढू द्यायची याला मर्यादा घाला. आणि साठा ८० टक्क्यांच्या पुढे भरू देऊ नका, व्हीएमना कागदावर जास्त जागा वाटून खाली प्रत्यक्षात संपली की सगळी बिऱ्हाडं एकदम जागच्या जागी थिजतात.

पायरी ७: जुनं मशीन आत आणणं

वेळ निवडा. आंबेवाल्याकडे मार्च ते जून हात लावू नका, रिसॉर्टवाल्याकडे उलट जुलै बरा, आणि गणपतीत कुणाकडेच नको, सगळे चाकरमानी गावात आणि मालक आरतीत.

मायक्रोसॉफ्टचं डिस्क-टू-व्हीएचडी नावाचं छोटं फुकट टूल चालू विंडोजची अख्खी फाईल बनवून देतं. ती प्रॉक्समॉक्समध्ये आयात करा. जुनं मशीन लेगसी बायोसवर होतं की यूईएफआयवर (मशीन सुरू व्हायच्या जुन्या-नव्या दोन पद्धती), ते आधीच बघून व्हीएमला तेच द्या, नाहीतर काळ्या स्क्रीनसमोर रात्र जाईल. डिस्क आधी साटा म्हणून लावा, चालू करा, व्हर्टआयओचे, म्हणजे व्हीएमसाठीच्या वेगवान डिस्कचे, ड्रायव्हर टाका, मग एक जीबीची खोटी डिस्क व्हर्टआयओ म्हणून जोडा म्हणजे विंडोज तो ड्रायव्हर खरोखर उचलतं, आणि मगच मुख्य डिस्क बदला. ही खोटी डिस्कची पायरी गाळली की निळी स्क्रीन येते, ठरलेलं आहे. मशीनसोबत आलेलं ओईएम विंडोज मात्र नियमाने व्हीएममध्ये नेता येत नाही, आणि टॅलीचं लायसन नव्या जागी परत ॲक्टिव्हेट करायला लागू शकतं, तेव्हा सीरियल नंबर आणि ईमेलचा पासवर्ड आधी शोधून ठेवा, तो बहुतेक सोडून गेलेल्या अकाउंटंटकडे असतो.

शक्य असेल तिथे मी नवं विंडोज टाकून फक्त डेटा आणतो. जुनी दहा वर्षांची धूळ कशाला आणायची.

जुनं मशीन महिनाभर तसंच ठेवा, नेटवर्कची वायर काढून. दोन्ही एकदम चालू राहिली तर अर्धी बिलं इकडे, अर्धी तिकडे.

बाहेरून बघायचं असेल तर राऊटरवर पोर्ट उघडू नका, ना रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ ना प्रॉक्समॉक्सचा ८००६. वायरगार्ड किंवा टेलस्केल लावा, म्हणजे बाहेरून आत यायची खाजगी, कुलूपबंद वाट. खेड्यापाड्यातल्या बऱ्याच ब्रॉडबँडवर स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही, तिथे टेलस्केल तरीही चालतं.

पायरी ८: बॅकअप, आणि माझी चूक

स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची टिपलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नाही, आरसा म्हणजेही नाही. दोन्ही त्याच डब्यात आहेत.

वहीतल्या जुन्या मशीनपैकी सगळ्यात बरं उचला, ८ जीबी रॅम असेल तरी पुरे, त्यात एक नवी ४ टीबीची डिस्क घाला आणि प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर टाका, तोही फुकट. तो पहिल्या वेळी सगळं घेतो, नंतर फक्त बदललेले तुकडे, आणि तेच तुकडे परत साठवत नाही. हे मशीन दुसऱ्या इमारतीत, गोदामात, मालकाच्या घरी, कुठेही, पण त्याच खोलीत नाही. हायपर-व्ही घेतला असेल तर वीम या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती १० मशीनपर्यंत फुकट आहे.

सर्व्हरला बॅकअपवर फक्त टाकायची परवानगी द्या, पुसायची नाही. खंडणीवाला व्हायरस आला की तो आधी बॅकअप शोधतो, आणि झेड ड्राईव्ह म्हणून जोडलेली डिस्क त्याला ताटात वाढल्यासारखी मिळते. असला प्रकार झाला तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सहा तासांत कळवायचं असतं, तेही मालकाच्या कानावर घालून ठेवा.

क्लाऊडचं गणित करून बघा. २०० जीबी आणि अपलोड २० एमबीपीएस, तर पहिल्या खेपेला सलग २२ तास, तेही लाईट आणि फायबर दोन्ही टिकले तर. परत आणायला पण वेळ लागतो. म्हणून मी दोन पोर्टेबल डिस्क ठेवतो, एक जोडलेली, एक मालकाच्या घरी टेकडीवर, दर शनिवारी अदलाबदल. क्लाऊडवर फक्त टॅलीचा आणि बिलिंगचा डेटा, रोज रात्री. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा असा ऑगस्ट २०२२ पासून नियमच आहे, सीएला विचारून क्लाऊडचं ठिकाण ठरवा.

आता चूक. एका दवाखान्यात मी सगळं छान लावलं, बॅकअपला एन्क्रिप्शनही, म्हणजे चावीशिवाय न उघडणारं कुलूप, लावलं. सात महिने रोज हिरवी टिक. मग विजेच्या झटक्यात सर्व्हरचा बोर्ड गेला. मी शांत होतो, बॅकअप आहे ना. नवं मशीन आणलं, रिस्टोअर लावलं, तर चावी मागितली. चावी कुठे, तर मेलेल्या सर्व्हरच्या डिस्कवर. फक्त तिथेच. डॉक्टरसाहेब बाजूला उभे होते, आणि मी त्यांच्याकडे न बघता स्क्रू काढत बसलो. डिस्क आरशात होत्या आणि झेडएफएस होतं म्हणून त्यातली एक साध्या डेस्कटॉपला लावली, उघडली, चावी मिळाली, डेटा पण मिळाला. बोर्डाऐवजी दोन्ही डिस्क गेल्या असत्या तर सात महिन्यांच्या हिरव्या टिका चुलीत घालायच्या लायकीच्या होत्या. प्रॉक्समॉक्समध्ये ती चावी कागदावर छापून घ्यायची सोय आहे. छापा, लॅमिनेट करा, कारण पावसाळ्यात कागदालाही बुरशी येते, आणि घराच्या कपाटात ठेवा.

पायरी ९: आगोटीच्या आधीची कामं

लोक आगोटीला मीठ, मिरच्या, सुकी मासळी भरतात तेव्हाच हे करा, मे च्या दुसऱ्या पंधरवड्यात, मृग लागायच्या आत. मशीन बंद करून धूळ आणि मुंग्या काढा, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासा, जाळी बघा. यूपीएसची मेन वायर सरळ उपसा आणि घड्याळ लावून बघा की सगळं आपोआप नीट बंद होतं का, बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर याच वेळी बदला.

मग एक साधा डेस्कटॉप घ्या आणि बॅकअपमधून बिलिंगचं व्हीएम त्यावर उभं करा. नेटवर्क न जोडता. मालकाला समोर बसवा, कालचं शेवटचं बिल उघडून दाखवा, आणि एकूण किती तास लागले ते वहीत, त्याने पहिल्या दिवशी सांगितलेल्या आकड्याच्या शेजारी लिहा. जुळत नसेल तर एक तर खर्च वाढवा नाहीतर आकडा बदला, पण दोघांनी सही करून.

तोच डेस्कटॉप तिथेच कपाटात राहू द्या, प्रॉक्समॉक्सच्या पेनड्राईव्हसकट. आणि सर्व्हरच्या दारावर आतून एक कागद चिकटवा, कुठलं व्हीएम कशाचं, बंद कुठल्या क्रमाने करायचं, चालू कुठल्या क्रमाने, चावी कुणाच्या घरी, आणि खाली दोन फोन नंबर, एक माझा आणि दुसरा घाटाच्या तुमच्या बाजूला राहणाऱ्या कुणाचा तरी.